दाबातली हवा (भाग 9) : आकडा नेमका कोणाचा?

आज वायरिंग आणि पुल-अप रेझिस्टर घ्यायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर गेलं, कारण कराडहून आलेलं पत्र. या वाचकांनी आपल्या डिझेल गाडीत इंटरकूलरनंतरच्या पाइपावर हवेच्या तापमानाचा सेन्सर बसवला. खंबाटकी घाट चढताना आकडा होता 52 अंश. वर चहाला थांबले, दहा मिनिटांनी चावी फिरवली, तर 71! ‘इंजिन बंद असताना हवा तापवली कोणी?’

हवा थोडीफार तापली असेल. तापला तो मुख्यतः सेन्सर. या सेन्सरच्या आतला थर्मिस्टर कधीच हवेचं तापमान सांगत नाही, स्वतःचं सांगतो. गाडी उभी राहिली की बॉनेटखालची धग अॅल्युमिनियमच्या पाइपात शिरते, तिथून बॉसमध्ये, म्हणजे सेन्सरसाठी पाइपावर वेल्ड केलेल्या कड्यात, मग सेन्सरच्या पितळी आट्यांत आणि शेवटी टोकापर्यंत. डिझेलमध्ये एकवेळ चालून जातं. पेट्रोलमध्ये ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, या आकड्यावरून हवा विरळ आहे असं समजतो, पेट्रोल हात आखडून सोडतो आणि गरम इंजिन सुरू होताना आचके देतं.

पण याच दोषाची दुसरी बाजू जास्त फसवी, कारण ती आपली स्तुती करते. मी पहिला सेन्सर बसवला तो बंद पितळी टोकाचा, म्हणजे कूलंटसाठी असतो तसला. चढावर वीस सेकंद पूर्ण अॅक्सिलरेटर दाबला, आकडा 44 वरून 47. काय इंटरकूलर आहे, म्हणून महिनाभर मित्रांना ऐकवत होतो. मग एकाने के-टाइप थर्मोकपलची बारीक उघडी तार आणून त्याच पाइपात सोडली. तोच चढ, तेवढेच वीस सेकंद : 44 वरून 68. पितळ तापायच्या आत चढ संपत होता, एवढंच.

म्हणून इंटरकूलरनंतर उघड्या मण्याचा, प्लॅस्टिकच्या जाळीतला सेन्सरच घ्या. पाइपाचा एखादा तुकडा नायलॉनचा असेल तर तिथेच बसवा. अॅल्युमिनियम त्याच्या कित्येक शेकडो पट उष्णता वाहून नेतं. मणी भिंतीलगत नको, प्रवाहात आत गेलेला हवा. आणि डिझेलवाल्यांनो, ईजीआरचा गरम धूर मिसळतो त्या जागेच्या अलीकडे. पलीकडे बसवलात तर इंटरकूलरला उगाच बोल लागेल.

इंटरकूलरच्या आधी मात्र थर्मोकपलच. हिशेब करून बघा : बाहेर 35 अंश, दाब वातावरणाच्या दुप्पट, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के, हवा निघते ती जवळजवळ 130 अंशांची. बऱ्याच थर्मिस्टरांची मर्यादाच तिथे संपते.

कराडकरांनी पत्राच्या शेवटी विचारलंय, पाइप न काढता भोक पाडलं तर चालेल का? अजिबात नाही. या पाइपाच्या पुढे एअर फिल्टर नाही, थेट इंजिन आहे. पाइप काढायचा, भोक पाडायचं, आर्गॉनने बॉस वेल्ड करून घ्यायचा, आटे पुन्हा साफ करायचे आणि आतून धुवायचं. धुतल्यावर मी पांढरं फडकं ओढतो. परवा तिसऱ्या फडक्यालाही एक चकाकती कपची चिकटून आली.