वडाचे बोन्साय : कुंडी कधी बदलावी?

वडाच्या बोन्सायची पाने पिवळी पडून गळू लागली की बहुतेक जण पाणी वाढवतात आणि झाड हातचे जाते. दोन-तीन वर्षांत उथळ कुंडी मुळांनी गच्च भरते. पाणी वरच साचते, हवा न मिळाल्याने मुळे कुजतात. घातलेले पाणी लगेच मुरत नसेल, तर कुंडी बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

आपल्याकडे यासाठी जून-जुलै योग्य. हवेत ओलावा असल्याने नवी मुळे लवकर फुटतात. झाड अलगद काढून कडेची व तळाची सुमारे एक तृतीयांश मुळे धारदार कात्रीने छाटावीत. जाड मुळे कमी करावीत, तंतुमुळे राखावीत. विटांचे बारीक तुकडे व भरड वाळू मिळून दोन भाग, चाळलेले जुने शेणखत एक भाग घ्यावे. नुसती काळी माती नकोच. तळाच्या छिद्रांतून तार ओवून झाड घट्ट बांधावे. झाड हलले की कोवळी मुळे तुटतात.

दोन-तीन आठवडे सावलीत ठेवावे, महिनाभर खत देऊ नये. त्यानंतर जागा उन्हातच. दिवाणखान्यात शोभेला आणायचे तर एखादा दिवस, मग पुन्हा गच्चीवर.