गोळीच्या आधीची मिनिटं

ऑगस्ट 1972मध्ये न्यूयॉर्क पोलीस दलात एक नवा आदेश निघाला. गोळी झाडायची ती स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी, तीही शेवटचा उपाय म्हणून. इशारा देण्यासाठी हवेत गोळी झाडायची नाही. झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब वरिष्ठांच्या मंडळापुढे द्यायचा. असे नियम आले की पोलिसांत एकच भीती बोलली जायची: आमचे हात बांधलेत, आता गुंड शिरजोर होणार आणि मरणार आम्ही.

ही भीती खरी की खोटी, हे त्याच दलातल्या एका अधिकाऱ्याने मोजून पाहिलं. जेम्स फाइफ 1963मध्ये न्यूयॉर्क पोलिसांत भरती झाले. नोकरी सांभाळत ते शिकत राहिले. जॉन जे कॉलेजची पदवी झाली आणि 1978मध्ये ऑल्बनीच्या विद्यापीठातून डॉक्टरेटही. प्रबंधासाठी त्यांनी 1971 ते 1975 या काळातले गोळीबाराचे अहवाल घेतले, म्हणजे आदेशाच्या आधीचे आणि नंतरचेही. गोळीबाराचे प्रसंग सुमारे 30 टक्क्यांनी घटले होते. सर्वांत मोठी घट होती पळणाऱ्यांवर झाडलेल्या गोळ्यांत. आणि पोलीस? त्यांचं मरण किंवा जखमी होणं वाढलं नव्हतं. स्वतः कमरेला रिव्हॉल्वर लावून गस्त घातलेल्या माणसाने काढलेला हा निष्कर्ष होता. ‘तुम्हाला रस्त्यावरचं काय कळतं?’ असं त्यांना कोणी सुनावू शकत नव्हतं.

1979मध्ये लेफ्टनंट पदावरून निवृत्त होऊन ते अमेरिकन युनिव्हर्सिटीत प्राध्यापक झाले. पुढे टेंपल विद्यापीठ आणि शेवटी जॉन जे कॉलेज. विषय मात्र बदलला नाही: पोलीस गोळी कधी झाडतात, कोणावर झाडतात आणि ती टाळता आली असती का. कृष्णवर्णीय पोलीस गोऱ्यांपेक्षा जास्त गोळ्या का झाडतात, याचा शोध घेताना त्यांना दिसलं की नेमणूक कुठल्या वस्तीत आहे आणि माणूस राहतो कुठे, याचा त्यात मोठा वाटा आहे. ड्युटी संपल्यावरही पिस्तूल जवळ बाळगण्याची पोलिसांची सवय कितपत शहाणपणाची, हाही प्रश्न त्यांनी आकड्यांसकट मांडला.

त्यांच्या कामाचा सगळ्यात दूरगामी परिणाम झाला तो मेंफिस शहरातल्या एका खटल्यात. ऑक्टोबर 1974मधल्या एका रात्री घरफोडीच्या संशयावरून एडवर्ड गार्नर हा पंधरा वर्षांचा मुलगा पोलिसांपुढून पळाला आणि कुंपणावर चढू लागला. त्याच्याजवळ शस्त्र नसावं, अशी पोलिसाची जवळपास खात्री होती, तरी त्याने गोळी झाडली. ती डोक्यात मागून लागली. मुलाजवळ सापडले दहा डॉलर आणि एक पर्स. टेनेसी राज्याच्या कायद्यात अशी गोळी बसत होती, कारण गंभीर गुन्ह्यातला पळणारा आरोपी मारायला जुनी मुभा होती. फाइफ यांनी मेंफिसच्या नोंदी तपासल्या. हल्ला न करणारे, निःशस्त्र कृष्णवर्णीय तिथे पोलिसांच्या गोळीला बळी पडण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या कितीतरी पट निघालं. 27 मार्च 1985 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला: केवळ पळतो आहे म्हणून, धोकादायक नसलेल्या संशयिताचा जीव घेणं घटनाबाह्य. निकालपत्रात फाइफ यांच्या लेखनाचा दाखला आहे.

पण कायद्याने सांगितलं म्हणून रस्त्यावरचा पोलीस बदलत नाही, हे माजी पोलिसाला कळणारच. 1986च्या एका निबंधात त्यांनी पोलिसांच्या नेहमीच्या समर्थनावरच बोट ठेवलं. ‘क्षणार्धात निर्णय घ्यावा लागला’ हे ते समर्थन. तो क्षण आला कसा, हे कोणी विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुकानात हत्यारबंद चोर शिरल्याचा फोन आला आणि पोलीस थेट दारात जाऊन उभा राहिला, तर समोर बंदूक दिसताच गोळी झाडण्यावाचून त्याच्यापुढे पर्याय उरत नाही. तोच पोलीस आधी माहिती काढून, आडोसा धरून, कुमक बोलावून थांबला असता, तर त्याला वेळ मिळाला असता आणि चोरालाही. म्हणून चौकशी त्या क्षणाची करायची नाही, आधीच्या मिनिटांची करायची. मला हा फाइफ यांचा सर्वांत मोलाचा विचार वाटतो. पोलिसाला खलनायक न ठरवता तो त्याच्याकडून कसबाची अपेक्षा करतो.

1991मध्ये लॉस एंजेलिसला रॉडनी किंग याला पोलिसांनी केलेल्या मारहाणीने अमेरिका हादरली. त्यानंतर दोन वर्षांनी जेरोम स्कोल्निक यांच्यासह फाइफ यांनी लिहिलेलं ‘अबव्ह द लॉ’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. पोलिसी अत्याचारांवरच्या खटल्यांत ते अनेकदा पोलिसांविरुद्ध साक्ष द्यायचे. त्यामुळे 2000 साली अनेकांना धक्का बसला. निःशस्त्र अमाडू डियालोवर 41 गोळ्या झाडणाऱ्या चार पोलिसांच्या बाजूने फाइफ साक्षीला उभे राहिले. या पोलिसांचं वागणं त्यांना मिळालेल्या प्रशिक्षणाला धरूनच होतं, असं फाइफ यांनी सांगितलं. चौघे निर्दोष सुटले. ही साक्ष अनेकांना पटली नाही आणि पटावी अशी सक्तीही नाही. पण त्या साक्षीतून प्रशिक्षणावरच बोट ठेवलं गेलं होतं, हे विसरता येत नाही.

2002मध्ये तेच प्रशिक्षण त्यांच्या हाती आलं. पोलीस आयुक्त रेमंड केली यांनी त्यांना प्रशिक्षण विभागाचे उपायुक्त नेमलं. ज्या दलाचे अहवाल चाळून ते संशोधक झाले, त्याच दलाच्या नव्या भरतीला काय शिकवायचं, हे ठरवण्याचं काम आता त्यांचं होतं. नोव्हेंबर 2005मध्ये, वयाच्या 63व्या वर्षी त्यांचं निधन झालं.