बोटांवरची बेरीज आणि मेंदूचे श्रम

पांडेसरा ही सुरतेतील रंगाई-छपाईच्या गिरण्यांची वस्ती. उधन्याला येऊन मिळणाऱ्या जळगावच्या लोहमार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे या बाजूस आली व स्थिरावली; त्यांच्या मुलांसाठी सुरतेत महानगरपालिकेच्या मराठी शाळाही आहेत. अशा एखाद्या शाळेत तिसरीतील मुलगा सात अधिक आठ करताना बाकाखाली बोटे मोजू लागला, की 'याचे डोके चालत नाही' असा शिक्का त्याच्यावर बसतो. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. त्याचे डोके वाजवीपेक्षा अधिक चालत असते!

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गणितात फार मागे पडलेली तिसरीची मुले बेरजा करीत असता चुंबकीय यंत्राने त्यांच्या मेंदूतील रक्तप्रवाहाचे चित्र घेतले. इतर मुलांच्या तुलनेने या मुलांच्या मेंदूचे कितीतरी भाग, विशेषतः कपाळामागचा भाग, जादा राबताना दिसले. मग आठ आठवडे एकेका मुलाला स्वतंत्र शिकविण्यात आले. संख्यांचे परस्परसंबंध समजावून द्यावयाचे आणि लगेच सराव घ्यावयाचा, असा तो क्रम होता. त्यानंतर उत्तरे तर सुधारलीच. पण मेंदूतील ती जादा धावपळही ओसरली व दोन्ही गटांची चित्रे जुळू लागली.

असे का व्हावे? एक-एक मोजणाऱ्या मुलाला कुठवर मोजले आणि किती उरले, हे दोन्ही एकाच वेळी ध्यानात धरावे लागते. हे ओझे कपाळामागच्या भागावर पडते. उत्तर स्मृतीत मुरले, की तो भाग मोकळा होतो, आणि शाब्दिक उदाहरणात नेमके काय विचारले आहे याकडे लक्ष पुरते. आपल्या जुन्या पावकी, निमकी, दिडकीचे मर्म हेच होते. पंतोजींच्या छडीचे समर्थन मात्र येथे अभिप्रेत नाही.

तथापि सरावाने सबंध बुद्धीच वाढते, हा शिकवणीवर्गांच्या जाहिरातींतील दावा सांभाळूनच घ्यावा. सुरतेपासून फार दूर नसलेल्या बडोद्यात २०४ मुलांवर तीन वर्षे चाललेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. मण्यांची पाटी मनात कल्पून हिशेब करणारी मुले अंकगणितात इतरांच्या पुढे गेली. परंतु त्यांच्या मूळ स्मरणशक्तीत फरक आढळला नाही. उलट, ज्यांची चित्रस्मृती आरंभीच चांगली होती, त्यांनाच ही रीत अधिक साधली. बाकीच्यांना दुसरी वाट हवी, आणि ती शोधण्यास आधी त्या बाकाखालच्या बोटांकडे शिक्षकाने नीट पाहावयास हवे.