वीस लाखांचे ऐंशी महिने

आधी एक भागाकार. २०,००,००० भागिले २५,००० म्हणजे ८०. कारखाना बंद पडल्यावर हाती आलेले वीस लाख रुपये महिना पंचवीस हजार खर्चाच्या घराला ८० महिने पुरतात. सहा वर्षे आठ महिने. माणूस ५२ वर्षांचा असेल, तर ५९वा वाढदिवस उजाडायच्या आत पैसे संपतात. मिळणारे व्याज आणि वाढणारी महागाई एकमेकांना खाऊन टाकतात असे इथे धरले आहे. मुलीचे लग्न, गावच्या घराचा स्लॅब, आईचे ऑपरेशन यांतले काहीच धरलेले नाही.

हे वीस लाख येतात कुठून? १९९९च्या अखेरीस कामाला लागलेला आणि २६ वर्षांनी फाटकाबाहेर पडलेला एक कामगार डोळ्यांसमोर ठेवू. बेसिक आणि डीए मिळून पगार २६,००० रुपये. ग्रॅच्युइटी मोजताना महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणजे रोज १,००० रुपये. दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, म्हणून २६ वर्षांचे ३,९०,०००. कारखाना बंद झाल्याची कायदेशीर भरपाईही वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी पगाराने मिळते. इतर भत्ते बाजूला ठेवून तीही ३,९०,००० धरू. पीएफमध्ये १२ लाख आहेत असे समजू आणि शिल्लक रजेचे वीस हजार. झाले वीस लाख. आयकराची चिंता इथे नाही. ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत आणि भरपाई ५ लाखांपर्यंत करमुक्त आहे, आणि पाच वर्षांहून जास्त नोकरी झालेल्याच्या पीएफवरही कर लागत नाही.

भरपाईच्या बाबतीत एक गोष्ट प्रत्येक कामगाराला पाठ हवी. मालकाच्या हाताबाहेरच्या अटळ कारणाने कारखाना बंद झाला, तर भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी पगारावर थांबते. आपल्या उदाहरणात ३,९०,००० ऐवजी ७८,०००. मात्र आर्थिक अडचण किंवा साठून राहिलेला माल ही अटळ कारणे नाहीत, असे कायद्यातच लिहिले आहे. ‘कंपनी तोट्यात आहे, तीन महिन्यांचेच मिळतील’ असे सांगून कोणी सही मागत असेल, तर ती सही करू नये.

आता पेन्शन. याच आकड्यावर माणसे सर्वांत जास्त हबकतात. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, पण तेही जास्तीत जास्त १५,००० पगारावर, म्हणजे महिना १,२५० रुपये. ईपीएस-९५चे सूत्र असे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. १ सप्टेंबर २०१४च्या आधीच्या वर्षांना पगाराची कमाल मर्यादा ६,५०० आहे, नंतरच्या वर्षांना १५,०००. आपल्या माणसाची साधारण १५ वर्षे जुन्या मर्यादेत गेली, त्यांचे १,३९३ रुपये. पुढच्या ११ वर्षांचे २,३५७. बेरीज ३,७५०. वीस वर्षांहून जास्त सेवेबद्दल दोन वर्षांचा बोनस मिळतो, तो धरूनही आकडा सव्वाचार हजारांच्या आतच राहतो. २६ वर्षे घाम गाळणाऱ्याला महिन्याला एवढे. पगाराची ही मर्यादा वाढवण्याची मागणी रास्तच आहे. पण आज घर चालवायचे आहे ते याच आकड्यावर.

ही पेन्शनही मिळते ती ५८व्या वर्षी. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, पण ५८ला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांमागे ४ टक्के कपात. ५२व्या वर्षी घेतली, तर सव्वातीन हजारांच्या आसपास हाती येतात. ‘लवकर घेऊ नकोस, नुकसान होईल’ असा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. हिशेब करून पाहिला तर तो सरसकट खरा ठरत नाही. सहा वर्षांत सुमारे २ लाख ३० हजार रुपये आधी मिळतात. ५८नंतर दरमहा हजारेक रुपये कमी मिळतात. ही तूट आधी मिळालेल्या रकमेएवढी व्हायला साधारण २० वर्षे लागतात, म्हणजे वयाची ७८. ज्याला पुन्हा पीएफवाली नोकरी मिळण्याची आशा आहे त्याने जरूर थांबावे, कारण त्याची वाढलेली वर्षे १५,०००च्या मर्यादेने मोजली जातील. ज्याच्या घरात आज औषधाला पैसे नाहीत, त्याने लवकर पेन्शन घेतली म्हणून मनाला लावून घेऊ नये.

माझे वडील २००२मध्ये, ५१व्या वर्षी असेच घरी बसले. पहिल्या पाळीची सवय सुटली नव्हती. पहाटे पाचला उठायचे, अंघोळ करून तयार व्हायचे आणि खिडकीशी बसायचे. आई सवयीने चार पोळ्या जास्त लाटायची. चेक आला त्या आठवड्यात एक विमा एजंट आणि दुप्पट पैशांची स्कीम सांगणारे एक ओळखीचे गृहस्थ येऊन गेले. वडिलांनी दोघांनाही चहा दिला, पैसे दिले नाहीत. आईने शंभर पानी वही आणली. डाव्या पानावर आले, उजव्या पानावर गेले. दहाव्या महिन्यात वडील एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. पहिल्या दिवशी युनिफॉर्म पिशवीत घालून नेला, तिथे जाऊन बदलला. चाळीत कोणी पाहू नये म्हणून. त्या महिन्यापासून वहीतला ‘बँकेतून काढले’ हा आकडा जवळपास निम्म्यावर आला.

त्या निम्म्या आकड्याचे मोल आजच्या भावात मांडतो. खर्च २५,००० आणि घरात महिना १२,००० येत असतील, तर बँकेतून १३,००० काढावे लागतात. वीस लाख भागिले १३,००० म्हणजे सुमारे १५४ महिने. ८०चे १५४ झाले. पैसे ५९च्या आत संपत होते, ते आता पासष्टीच्या उंबरठ्यापर्यंत पुरतात, आणि ५८नंतरची पेन्शन धरली तर त्याही पुढे. उलट वीस लाखांवर एक टक्का व्याज जास्त मिळवले, तर वर्षाला २०,०००, म्हणजे महिन्याला १,६६७ रुपये. तेवढ्यासाठी माणसे आयुष्याची पुंजी पतसंस्थेत नेऊन ठेवतात. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. आणि विमा असला तरी पैसे लगेच हाती येतात असे नाही. २३ सप्टेंबर २०१९ला पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांसाठी फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. म्हणून माझे ठाम मत आहे: पहिली धावपळ जास्त व्याजासाठी नको, छोट्या का होईना पण दरमहाच्या मिळकतीसाठी हवी.

रक्कम सुरक्षित ठेवायला पोस्टाची मासिक उत्पन्न योजना आहे. एकट्याच्या नावावर ९ लाखांची मर्यादा, आणि ७.४ टक्क्यांनी त्याचे महिन्याला ५,५५० रुपये होतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा ८.२ टक्के दर चांगला आहे, पण ती साठीनंतर. वय ५५ ते ६० असताना निवृत्तीचे पैसे मिळाले असतील, तर ते मिळाल्यापासून तीन महिन्यांत खाते उघडता येते. ५२ वर्षांच्या माणसाला तो मार्ग बंद आहे.

पैसे वेळेवर येतील, असे मात्र धरून चालू नये. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासह. प्रत्यक्षात जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ला थांबली आणि कंपनी अवसायनात काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला ७ नोव्हेंबर २०२४ला. मुंबईच्या गिरणगावाची कहाणी तर सगळ्यांना ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, आणि गिरणी कामगारांसाठी म्हाडाची ६,९२५ घरांची सोडत निघाली ती २०१२मध्ये. म्हणून घरात सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवलेला असावा. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारवरचे नाव जुळते ना, हे आजारपण येण्याआधी पाहून ठेवावे.

ज्यांचा कारखाना अजून चालू आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर पीएफ खात्यातली माहिती पाहा. रुजू झाल्याची तारीख, नावाचे स्पेलिंग आणि वारस, तिन्ही तपासा. चूक असेल तर अर्ज आत्ताच द्या. फाटकाला टाळे लागल्यावर त्यावर सही-शिक्का मारणारा माणूस ऑफिसात नसतो.