गल्ली वर, घर खाली

आमच्या वस्तीतल्या जुन्या घरांत शिरताना आता खाली उतरावे लागते. पूर्वी दोन पायऱ्या चढून उंबरठा लागत असे, हे पन्नाशीच्या बायांना चांगले आठवते. घरे खचलेली नाहीत, गल्ली वर आली आहे. आधी शहाबादी फरशी बसली. काही वर्षांनी तिच्यावरच काँक्रीट ओतले. मागच्या खेपेला काँक्रीटवर पेव्हर ब्लॉक आले. जुने उखडायचे कुणी मनावर घेतले नाही. आता वर्षावासात विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन चालू असते आणि पाऊस जोराचा लागला की अर्ध्या बाया मधूनच उठतात. घरात पाणी शिरले असणार, हे त्यांना बघायलाही लागत नाही.

या पानावर आम्ही एरवी ताप, खोकला, अंगातले रक्त कमी होणे यांविषयी लिहितो. या वेळी गल्लीविषयी लिहीत आहोत, कारण गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गल्लीत लागोपाठ कावीळ निघाली आणि तिचे मूळ शोधता शोधता आम्ही त्या पेव्हर ब्लॉकपाशी येऊन थांबलो.

झाले होते असे. नळाची पाइप गटारातून गेलेली आहे. बहुतेक वस्त्यांत ती तशीच जाते, कारण खोदायला दुसरी जागाच सोडलेली नसते. पाणी दिवसातून तासभर येते. पाणी चालू असते तेव्हा पाइपमध्ये जोर असतो, त्यामुळे बारीक चिरेतून पाणी बाहेर पडते. पाणी बंद झाले की आतला जोर जातो आणि त्याच चिरेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून दुसऱ्या दिवशीची पहिली धार वासाची आणि गढूळ येते. आपण म्हणतो, 'थोडे वाहू द्या, मग भरा.' वाहू दिल्याने वास जातो, काविळीचे जंतू जात नाहीत. पाण्यातून पसरणारी कावीळ ए आणि ई या दोन प्रकारच्या विषाणूंमुळे होते. त्यातली ई प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाईच्या जिवावर बेतू शकते. त्या गल्लीत एक सून सातव्या महिन्यात होती. तिला वेळेवर सरकारी दवाखान्यात हलवले, म्हणून आई आणि बाळ दोघे वाचले. (बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही माणसे अजून कावीळ 'उतरवून' घ्यायला जातात. चुन्याच्या पाण्याने हात धुतल्यावर पाणी पिवळे होते म्हणून कावीळ उतरत नाही, आणि त्यात दवाखान्याचे दोन दिवस मात्र जातात.)

पाइप दुरुस्त करायला माणसे आली तेव्हा त्यांनी सांगितले की वरचे ब्लॉक, त्याखालचे काँक्रीट आणि त्याखालची फरशी फोडल्याशिवाय पाइपला हात लागत नाही. ब्लॉक तर नुकतेच बसवले होते. ते बसवताना पाइप बदलली असती तर वेगळा खड्डा खणावा लागला नसता. मग आम्ही भिंतीवरचा कामाचा फलक नीट वाचला. तो इतके दिवस तिथे होता, पण कुणी वाचला नव्हता.

त्यावर योजनेचे नाव होते : लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधारणा योजना. शहरांतल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांसाठी सामाजिक न्याय विभाग नगरपालिकांना आणि महानगरपालिकांना हे अनुदान देतो. पूर्वी लोक तिला नागरी दलित वस्ती सुधार योजना म्हणत, अजूनही म्हणतात. तिच्यातून पाण्याची सोय, गटारे, संडास, रस्ते, दिवाबत्ती आणि समाजमंदिर अशी कामे होतात. गावाकडच्या वस्त्यांना असेच अनुदान जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत मिळते, तिथे रक्कम वस्तीच्या लोकसंख्येवर ठरते. म्हणजे पैसा कुणा पुढाऱ्याच्या खिशातला नाही. फलकावर फोटो कुणाचाही असो, तो आपल्या हक्काचा आहे.

पण त्या पैशाचे काय करायचे, हे कुणी ठरवले? इथे आम्हाला खाली मान घालून लिहावे लागते. मागणीचा अर्ज आमच्यातूनच गेला होता. त्यात पहिले काम होते प्रवेशद्वाराची कमान, दुसरे गल्लीचे ब्लॉक, तिसरे समाजमंदिराला रंग आणि संरक्षक भिंत. गटार शेवटी होते, पाइप नव्हतीच. खाली सह्या होत्या, त्यात आमच्याही होत्या.

कमान मागणाऱ्यांना आम्ही नावे ठेवत नाही. ज्या गावाने आपल्याला वेशीबाहेर ठेवले, त्याच गावात आपल्या वस्तीला बाबासाहेबांच्या नावाची कमान असावी, यामागचे दुखणे आम्हालाही ठाऊक आहे. शिवाय कमानीला 'आधी नको' म्हटले की बाबासाहेबांनाच नको म्हटल्यासारखे होते, म्हणून बैठकीत कुणी तोंड उघडत नाही. विशेषतः बाया. पण कमान, पुतळा, विहार हे आपल्या समाजाने वर्गणी काढून उभे केलेले आहे. मजुरीतून दहा-वीस रुपये बाजूला काढून उभी राहिलेली विहारे प्रत्येक तालुक्यात आहेत. गल्लीखालची जलवाहिनी मात्र वर्गणीतून होत नाही, गटाराला मुख्य लाइनपर्यंत उतार देणे वर्गणीतून होत नाही. ते फक्त नगरपालिका करू शकते. मग जे काम आपल्याला करता येते त्यावर अनुदान खर्च करायचे आणि जे करता येत नाही ते तसेच ठेवायचे, हा हिशेब आम्हाला पटेनासा झाला आहे.

अनुदान आणि पाणी यांचा संबंध आपल्या चळवळीला नवा नाही. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला आणि सरकारी पैशातून चालणारे पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असे मंजूर झाले. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये तसा ठराव केलासुद्धा. पण ठराव दप्तरात राहिला आणि तळ्याचे पाणी आपल्या लोकांना मिळाले नाही. म्हणून 1926 मध्ये बोले यांनी दुसरा ठराव मांडला, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिला ठराव अमलात आणणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान थांबवावे. 20 मार्च 1927 चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दरवर्षी आठवतो, पण त्याच्या अलीकडची ही अनुदानाची गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

आता संडासांचे. स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी निकषांत सामुदायिक संडासासाठी हिशेब दिलेला आहे : 35 पुरुषांमागे एक सीट आणि 25 बायांमागे एक सीट. आपल्या वस्तीत मोजून बघा. दाराला कडी नसलेली, तुंबलेली, दिवा नसलेली सीट मोजू नका. आम्ही मोजले तेव्हा बायांच्या बाजूला लागतात त्याच्या निम्म्याही सीट भरल्या नाहीत. याचा आजाराशी काय संबंध, असे एका दादांनी विचारले. रात्री संडासाला जावे लागू नये म्हणून बाया संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत. लघवी तासन्‌तास दाबून ठेवतात. त्यातून लघवीला जळजळ, ताप, कंबरदुखी सुरू होते आणि औषध घेऊनही दुखणे पुन्हा पुन्हा उलटते. दादांच्या घरात तिघी बाया आहेत. त्यांनी घरी जाऊन विचारले आणि दुसऱ्या दिवशी मोजणीला आमच्याबरोबर आले.

घरात संडास बांधायलाही अनुदान आहे. 2014 पासून शहरी भागात केंद्राचे 4,000 आणि राज्याचे 8,000 असे 12,000 रुपये मिळत आले. काही महानगरपालिकांनी त्यात स्वतःची भर घातली. सध्या आपल्या शहरात किती मिळतात ते आधी कचेरीत विचारून घ्या. मात्र दहा बाय बाराच्या घरात शोषखड्ड्याला जागा नसते, त्यामुळे गल्लीत ड्रेनेजची लाइन नसेल तर बांधलेला संडास उघड्या गटारात सोडला जातो आणि ते पाणी पुन्हा त्याच पाइपभोवती फिरते. म्हणून आधी लाइन, मग घराघरांतले संडास.

ही मागणी करू लागलो की हमखास एक वाक्य ऐकू येते, 'आपण घरपट्टी भरत नाही, मग मागायचे कोणत्या तोंडाने?' एक तर वस्तीतली पुष्कळ घरे घरपट्टी किंवा सेवाशुल्क भरतात. दुसरे, हे अनुदान घरपट्टीतून येत नाही, अनुसूचित जातींसाठी राखलेल्या तरतुदीतून येते. आणि तिसरे, करात सवलत घेणारे शहरात सगळेच आहेत. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात 40 टक्के सवलत 1970 पासून आहे. मध्ये ती बंद झाली होती, 2023 मध्ये पुन्हा मिळाली. छतावर सौरऊर्जा, पावसाचे पाणी साठवणे, गांडूळखत यांतले एखादे काम केले तर तिथे आणखी 5 टक्के आणि दोन किंवा जास्त केली तर 10 टक्के सूट असते. ज्याला स्वतःचे छत आहे त्यालाच ती मिळते, हे वेगळे सांगायला नको. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांचा मालमत्ता कर 1 जानेवारी 2022 पासून पूर्ण माफ आहे. त्याआधी 2019 मध्ये फक्त सर्वसाधारण कर माफ केला होता, बाकीचे कर बिलात येतच राहिले. झोपु योजनेतल्या इमारतीत राहायला गेलेल्या आपल्या धम्मबांधवांनी आपले बिल एकदा तपासून घ्यावे. पुण्यातल्यांनी 40 टक्क्यांसाठी पीटी-3 अर्ज भरला आहे की नाही ते बघावे. विहाराच्या मंडळींनाही एक सांगणे आहे : केवळ पूजास्थान म्हणून किंवा धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीला महानगरपालिका कायद्यात सर्वसाधारण करातून सूट आहे. ती मागावी लागते. सभागृह लग्नाला भाड्याने देऊन ते पैसे दुसरीकडे वळवले, तर मात्र ती टिकत नाही.

वाचलेला कर घरात राहतो, पण गल्लीचे पाणी शुद्ध होत नाही. म्हणून पुन्हा गल्लीकडे येतो. मागणी कशी करायची, हे आम्ही धक्के खाऊन शिकलो. नगरपालिकेचे वर्ष 1 एप्रिलला सुरू होते आणि त्याच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव डिसेंबर-जानेवारीतच होते. मार्चमध्ये अर्ज घेऊन गेलेल्यांना 'पुढच्या वर्षी बघू' एवढेच मिळते. आपल्याला वर्षावासाचे तीन महिने मिळतात, रोज वस्ती विहारात जमलेली असते. आषाढी पौर्णिमेला यादी सुरू केली तर आश्विन पौर्णिमेपर्यंत ती मुख्याधिकाऱ्यांच्या किंवा वॉर्ड ऑफिसच्या टेबलावर पोचते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज कुणी दिलेलाच नसतो.

काम मंजूर झाले की त्याचे अंदाजपत्रक बघायला मागा. नाही दाखवले तर माहिती अधिकारात अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा आणि 30 दिवसांत उत्तर यायला हवे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तो स्टँपही लागत नाही. त्या कागदात जुने काँक्रीट उखडून उचलून नेण्याची बाब आहे का, ते आधी पाहा. नसेल तर गल्ली पुन्हा वर येणार, हे नक्की. गल्लीची नवी पातळी उंबरठ्यांच्या खाली राहील असे लिहून घ्या. पिण्याच्या पाण्याची पाइप गटाराच्या बाहेर आणि त्याहून वर टाकायला सांगा. काम चालू असताना एखाद्या बाईने मोजपट्टी घेऊन उभे राहावे. आमच्याकडे एक मावशी उभी राहू लागल्यापासून मुकादम बोलतो जपून.

नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात महिला व बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठी प्रत्येकी 5 टक्के रक्कम राखायची असते. संडासाला उतार, धरायला दांडी आणि एक तरी खुर्चीची सीट त्यातून मागता येते. आमच्या वस्तीत दोन माणसे कुबड्यांवर आहेत. ती दोघे आजवर संडासाला कशी जात होती, हे आम्ही मोजणीच्या दिवशी पहिल्यांदा विचारले.

काम होईपर्यंत पाणी उकळून किंवा मेडिक्लोर टाकून प्यावे. पिंप दर आठवड्याला रिकामे करून आतून घासावे, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या कडेलाही महिनोन्‌महिने चिकटून राहतात. आशाताई पाण्यातला क्लोरीन तपासायला येतात तेव्हा त्यांना गल्लीच्या सर्वांत शेवटच्या नळावर न्यावे. पहिल्या नळावर पाणी चांगलेच निघते.

यंदाची आमची यादी अशी गेली आहे : गटारातली पाइप बाहेर काढून नवी टाकणे, जुने थर उखडून गटाराला मुख्य लाइनपर्यंत उतार देणे, बायांच्या बाजूला संडासाच्या सीट वाढवणे आणि तिथे दिवा. समाजमंदिराच्या रंगावरून बैठकीत अर्धा तास वाद झाला आणि तो यादीतून निघाला. कमान झालीच आहे. तिच्यावरच्या दिव्यांसाठी वर्गणीची वही काढली आहे, ती विहारात खजिनदारांकडे आहे. अर्जाची पोच विहाराच्या फळ्यावर लावली आहे.