नव्याचा सण

सोनई परिसरात उन्हाळा लागला की घरोघरी कुरडयांचा गहू भिजतो. तीन दिवस पाणी बदलत भिजवायचा, वाटायचा, फडक्यातून गाळायचा आणि तळाशी बसलेला पांढराशुभ्र चीक शिजवून साच्यात भरायचा. कुरडयांआधी मुलांना वाटीभर गरम चीक मिळतो, तो वेगळाच आनंद. आपल्या नेवासे तालुक्यापासून दूर, सह्याद्री उतरून गेल्यावर अलिबाग, पेण, रोहे या भागांत हाच चीक भाद्रपद-आश्विनात निघायचा. तिथे त्याच्या कुरडया होत नसत. त्यात नारळाचं दूध आणि साखर घालून मोठ्या पातेल्यात तासन् तास घोटायचं, मिश्रण कडेनं सुटू लागलं की तूप न वापरता ताटात थापायचं, वर बदाम-पिस्ते पेरायचे आणि वड्या पाडायच्या. काही घरांत त्याला गुलाबी रंगही देतात. हा चिकाचा हलवा म्हणजे महाराष्ट्रातल्या मराठी ज्यूंचं, अर्थात बेने इस्राएलांचं, नववर्षाचं पक्वान्न.

नारळाचंच दूध का, यालाही कारण आहे. ज्यू आहारनियमांत मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. सणाला मटण तर हवंच. मग गोडात गाईम्हशीचं दूध आणि तूप बाद. कोकणात अंगणातच माड होता, त्यामुळे प्रश्न उभाच राहिला नाही.

बेने इस्राएल कोकणात नेमके केव्हा आले, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. समाजाची आपली कथा अशी: पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून सारा समाज वाढला. पवित्र ग्रंथ समुद्रात गेले. पुढे शेकडो वर्षं त्यांच्यापाशी उरलं ते थोडकंच: मुलग्यांची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, ‘शेमा इस्राएल’ ही एक प्रार्थना आणि आठवड्याचा एक विसाव्याचा दिवस. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद म्हणून गावानं त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. सोनईकराला यात गंमत वाटेल. इथून पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापुरात शनिवारी तेलाला सर्वांत जास्त मागणी, आणि कोकणातले हे तेली त्याच दिवशी तेलाला हात लावत नसत. आडनावंही गावांवरून पडली. किहीमचे केहिमकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर. हिंदी सिनेमातले लाडके डेव्हिड हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

बेने इस्राएलांचा हलवा हेच सांगतो: परदेशात जाऊन राहिलेल्या समाजांचं नववर्षाशी काही घट्ट नातं असतं. ग्रीकांचंच पाहा. ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत, जिथे म्हणून ग्रीक कुटुंबं गेली, तिथे एक जानेवारीला, म्हणजे संत बॅसिलच्या दिवशी, ‘वासिलोपिता’ नावाचा केक कापला जातो. आत एक नाणं लपवलेलं. पहिला तुकडा ख्रिस्ताचा, मग मेरीमातेचा, घराचा, त्यानंतर वयाच्या क्रमानं घरातल्यांचा. नाणं ज्याच्या वाट्याला येईल त्याचं वर्ष भाग्याचं. परदेशातल्या ग्रीक मंडळांना एक दिवस पुरत नाही. गावोगावच्या संघटना, चर्च, तरुणांचे गट आपापला केक कापतात, आणि हा कार्यक्रम फेब्रुवारीपर्यंत रेंगाळतो.

ग्रीक कधीकाळी आपल्याकडेही होते. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, दानं कोरलेली आहेत. पण त्या दात्यांची नावं वाचली तर ती बहुतेक इथल्याच वळणाची, आणि दान बौद्ध संघाला. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी लेखात ‘यवन’ ही ओळख टिकली असली तरी माणसं इथल्या धर्मात मिसळली होती. पुढे ती निराळी उरलीच नाहीत. बेने इस्राएलही पेहराव, भाषा, नथ, मंगळसूत्र, हळद अशा साऱ्या बाबतींत इथलेच झाले. तरी वेगळे राहिले. हे कसं जमलं याचं एक उत्तर त्यांच्या सणांच्या यादीत आहे.

ती यादी ऐकली तर कुणालाही वाटावं की हे कोकणातलंच एखादं पंचांग. नववर्ष, ज्याला जगभरचे ज्यू ‘रोश हशाना’ म्हणतात, तो ‘नव्याचा सण’. दोन दिवसांनी ‘नव्याचा रोजा’, म्हणजे उपास. लगेच चौथ्या दिवशी ‘खिरीचा सण’: नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर, समोर ऊद जाळायचा आणि शेमा म्हणायचा. दहाव्या दिवशी प्रायश्चित्ताचा मोठा उपास, ‘योम किप्पूर’. त्याचं नाव ‘दारफाळणीचा सण’. त्या दिवशी ऊन आणि गार पाण्यानं न्हाऊन, पांढरी वस्त्रं नेसून मंडळी घराची दारं लावून आत बसत. परक्याशी बोलणं नाही, पाण्याचा थेंब नाही. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’: दानधर्म आणि भेटीगाठी. पुरीम हा ‘होळीचा सण’, कारण तो फाल्गुनाच्या आसपास येतो. जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा शोकदिवस ‘बिरड्याचा रोजा’, कारण उपासानंतर केळीच्या पानावर वालाचं बिरडं. ‘रोजा’ शेजारच्या मुसलमानांकडून, ‘सण’ हिंदूंकडून, आणि तिथी मात्र कुणाकडूनही नाही. या साऱ्याची तपशीलवार नोंद हाईम सॅम्युएल केहिमकरांनी करून ठेवली. १८९७ च्या सुमारास लिहून झालेला त्यांचा समाजाचा इतिहास छापला गेला थेट १९३७ मध्ये, तेल अवीवला.

आता तिथींचं गणित, कारण त्यात खरी मौज आहे. ज्यू पंचांगही आपल्यासारखंच: महिने चंद्राचे, वर्ष सूर्याशी जुळवलेलं. १९ सौर वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ अचूक बसतात, म्हणून १९ वर्षांत सात महिने जास्तीचे घालावे लागतात. युरोपात हे चक्र अथेन्सच्या मेटन या ज्योतिषाच्या नावानं ओळखलं जातं. आपला अधिक मास साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो. १९ वर्षांत तोही सातच वेळा. फरक इतकाच की आपल्याकडे तो वेगवेगळ्या महिन्यांना चिकटू शकतो, ज्यूंकडे तो नेहमी वसंताच्या तोंडावर, अदार महिन्याला. त्यामुळे पुष्कळदा तिश्री महिन्याची पहिली तारीख, म्हणजे ज्यू नववर्ष, आणि आश्विन शुद्ध प्रतिपदा एकाच अमावास्येच्या पाठीवर येतात. २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला घटस्थापना झाली आणि त्याच संध्याकाळी ज्यूंचं ५७८६ वं वर्ष लागलं. दहा दिवसांनी, २ ऑक्टोबरला, इकडे दसरा आणि तिकडे दारफाळणीचा उपास. ६ ऑक्टोबरला कोजागरी, आणि त्याच संध्याकाळी ज्यूंचा मांडवांचा सण सुरू. मात्र एखाद्या वर्षी आपला अधिक मास आधीच येऊन गेला, तर नव्याचा सण महिनाभर अलीकडे सरकून गणपतीला गाठतो. २०२३ मध्ये असंच झालं. श्रावण अधिक होता. १६ सप्टेंबरला ज्यू नववर्ष आणि १९ ला गणेश चतुर्थी.

ग्रंथ हरवलेल्या समाजाला हे गणित कुणी जपून दिलं? परंपरा दाविद राहाबी या गृहस्थाचं नाव घेते. तो कोण आणि कोणत्या शतकातला, यावर वाद आहेत. अठराव्या शतकात कोचीनच्या ज्यूंनी बेने इस्राएलांना धर्मविधी शिकवले, एवढं मात्र नक्की. नंतर घडामोडी भराभर झाल्या. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर या लष्करी अधिकाऱ्यानं मुंबईत मांडवी भागात ‘शाआर हाराहमीम’ हे समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक त्याला मशीदच म्हणत. १८३२ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. हेतू धर्मप्रसाराचा, पण बेने इस्राएलांनी त्यातून आपलीच प्रार्थना वाचायला घेतली. १८४६ ला मुंबईत आणि १८७४ ला पुण्यात ‘हग्गादा’, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची कथा, मराठी भाषांतरासह छापली गेली. पुण्याच्या प्रतीतल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसून बसल्या आहेत.

आणि कीर्तन! १८८० च्या सुमारास समाजातल्या तरुणांनी मराठी कीर्तनाचा ढंग उचलला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं साकी-दिंडीत रचली. नारदाच्या गादीवर मोशे उभा राहिला तो असा. सणावाराच्या एकत्र येण्याला त्यामुळे एक गाता रंग आला.

अलिबागच्या इस्राएल आळीतलं ‘मागेन आबोथ’ सिनेगॉग १८४८ चं, १९१० मध्ये नव्यानं बांधलेलं. ठाण्याचं १८७९ चं. नव्याच्या सणाला इथे मेंढ्याच्या शिंगाचं शोफार वाजतं. सकाळच्या प्रार्थनेत त्याचे शंभर नाद करण्याची रीत आहे. घरी सफरचंदाची फोड मधात बुडवून खायची, डाळिंब ठेवायचं, पाण्याकाठी जाऊन पापं सोडायची. पण हे सगळं करायला माणसं लागतात. सामुदायिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुषांचा ‘मिन्यान’ हवा, आणि कोकणातल्या छोट्या गावांत तो जमणं कठीण झालंय. १९५१ मध्ये देशात ज्यूंची संख्या सव्वीस हजारांच्या पुढे होती. २०११ च्या जनगणनेत ती पाच हजारांच्या आत आली. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर बहुतेक जण निघून गेले होते.

गेले कुठे? मुख्यतः इस्राएलला, १९४८ नंतर. छळ झाला म्हणून नव्हे. भारतात त्यांना तसा त्रास कधी झालाच नाही. तिकडे मात्र सुरुवातीला विचित्र वागणूक मिळाली. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठानं बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत वंशाची चौकशी करण्याचे आदेश काढले. समाज जेरुसलेमला धरणं धरून बसला आणि १९६४ मध्ये संसदेला जाहीर करावं लागलं की हे सर्वार्थानं ज्यू आहेत. शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना आपलं ज्यूपण सिद्ध करायला लावणं, याला इतिहासाची क्रूर थट्टाच म्हणायला हवं.

तिथे गेल्यावर सणांचा अर्थ उलटा झाला. कोकणात नव्याचा सण पाळणारं घर गावापासून वेगळं दिसे. इस्राएलमध्ये रोश हशानाला सारा देशच सुट्टीवर. मग दिमोना, लोद, रामले, अश्दोद, बीरशेबा इथल्या मराठी घरांचं वेगळेपण कशात? तर चिकाच्या हलव्यात, लग्नाआधीच्या मेंदीत आणि मलिद्यात. मलिदा म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, सुका मेवा आणि सोबत फळं. एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं स्मरण करून, नवस फेडायला किंवा शुभकार्याआधी तो वाटतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर याच एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात आणि इस्राएलहून आलेली कुटुंबं तिथे मलिदा करून जातात. मलिद्याची ही रीत बेने इस्राएलांची खास स्वतःची.

एकत्र जमण्यासाठीही या मंडळींनी दिवस निवडला तो मराठी. १ मे, महाराष्ट्र दिन, इस्राएलमधल्या बेने इस्राएलांच्या मेळाव्याचा दिवस झाला. भाषणं, मराठी गाणी, नाच आणि अर्थातच जेवण. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही त्यांनी तिथे चालवलं: कविता, आठवणी, पाककृती. त्याचे वाचक मुख्यतः भारतात जन्मलेल्या पिढीचे. नातवंडं घरात हिब्रू बोलतात, आजीला ‘आजी’ म्हणतात आणि मराठी कार्यक्रमाला येतात ती बरीचशी नाचायला आणि खायला.