रात्रीचे आठ कुणाचे?

घड्याळ आणि सूर्य यांचे भांडण आपल्याकडे काही नवे नाही. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानात एकच प्रमाणवेळ सुरू झाली, तेव्हा मुंबईकरांनी ती सुखासुखी मानली नाही. आपल्या ‘मुंबई टाइम’पेक्षा ३९ मिनिटे पुढे धावणारे हे सरकारी घड्याळ त्यांना उपरे वाटले, आणि मुंबईची जुनी वेळ पुढे कित्येक वर्षे शहरात तग धरून राहिली.

आम्हां भवानीनगरवासीयांचा असा काही हट्ट नाही. ८२.५ अंश रेखावृत्त मिर्झापूरजवळून जाते आणि त्यावर साऱ्या देशाची घड्याळे लावलेली आहेत. आम्ही त्याच्या पुष्कळ पश्चिमेला. म्हणून सूर्य आमच्या माथ्यावर येतो तो घड्याळात साधारण साडेबारा वाजल्यावर. पण साखर कारखान्याचा भोंगा घड्याळ पाहून वाजतो, आणि गावाचे पान त्या भोंग्यावर हलते. रात्री आठाला घरोघरी मालिका लागते, तीही त्याच घड्याळाने. एक देश, एक वेळ, एक मालिका! यात गुंतागुंत असेल अशी शंकासुद्धा कुणाला येत नाही.

गुंतागुंत सुरू होते ती लेक परदेशी गेल्यावर.

माझी मावशी इथे भवानीनगरला असते आणि तिची मुलगी अमेरिकेत, न्यू जर्सीला. मायलेकी एकच मराठी मालिका पाहतात. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तिकडे हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ, आणि उन्हाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. कारण तिथले लोक मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नेमके आपल्या दिवाळीच्या आगेमागे, पुन्हा मागे आणतात. सकाळी साडेनऊला कचेरीत बसलेली मुलगी मालिका कशी पाहणार? म्हणून वाहिन्यांनी एक तोड काढली. परदेशासाठी त्या वेगळे प्रक्षेपण करतात. व्यवसायाच्या भाषेत त्याला ‘फीड’ म्हणतात. इथला कार्यक्रम साठवून ठेवायचा आणि तिकडे संध्याकाळ झाली, की सोडायचा. जाहिरातीही बदलतात, भवानीनगरला दिसणारी साबणाची वडी न्यू जर्सीत कोण विकत घेणार?

ही युक्ती मूळची अमेरिकेचीच. त्या देशाच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या घड्याळांत तीन तासांचे अंतर आहे. न्यूयॉर्कची सायंकाळची बातमीपत्रे कॅलिफोर्नियात भर दुपारी पोचत. ती पडद्यावरून फिल्मवर टिपून, घाईघाईने धुऊन पुन्हा दाखवीत. पण चित्र अगदी धूसर दिसे. अखेर ३० नोव्हेंबर १९५६ रोजी सीबीएसने डग्लस एडवर्ड्‌स यांचे बातमीपत्र चुंबकीय फितीवर मुद्रित करून पश्चिमेला तीन तासांनी दाखवले. पूर्वेसाठी एक आणि पश्चिमेसाठी एक, अशी दोन फीड ठेवण्याची सोय तेव्हापासून सुकर झाली. मधल्या शिकागोकरांना मात्र पूर्वेचाच कार्यक्रम त्याच क्षणी मिळतो; म्हणून न्यूयॉर्कच्या आठाची मालिका ते सात वाजता पाहून मोकळे होतात.

वाचकहो, नवल पाहा. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह टांगलेला. आपला संदेश तिथे जाऊन परत येतो, त्याला लागतो जेमतेम पाव सेकंद. विज्ञानाने अंतर पाव सेकंदावर आणले आणि आपण सोयीसाठी ते पुन्हा दहा तासांवर नेऊन ठेवले!

या दहा तासांचा जाच मावशीला होतो. मुलीचा फोन येतो तो इथल्या रात्री नऊला. तेव्हा मावशीचा भाग नुकताच पाहून झालेला असतो, आणि मुलगी तो तिच्या रात्री पाहणार असते. मावशीने तोंड उघडले, की पलीकडून आवाज येतो, “आई, सांगू नकोस हं!” मग बोलायचे काय? तब्येत, हवा, पाऊस, की संपले. एरवी त्या सासू-सुनांच्या निमित्ताने मायलेकी आपल्याही मनातले बोलत. “पूर्वी ती दूर होती, आता तिचा दिवसही दूर गेला,” असे मावशी एकदा मला म्हणाली. भाषा शिकवणाऱ्या माणसालाही त्यावर बोलायला शब्द सुचला नाही.

उपाय मुलीनेच काढला. शनिवारी तिला सुटी असते. त्या दिवशी ती मोबाइलवर भारतातल्याच वेळेला, आपल्या सकाळी, मालिका लावते आणि फोन चालू ठेवते. आठवड्यातून एक दिवस दोघी एकाच क्षणी हसतात आणि एकाच क्षणी खलनायिकेला नावे ठेवतात. क्रिकेटवाल्यांना ही अक्कल आधीपासून आहे. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना दुपारी अडीचला सुरू झाला, तेव्हा न्यूयॉर्कला पहाटेचे पाच वाजले होते. शिळा सामना कोण पाहणार?

पण सगळेच काही एका क्षणी करता येत नाही, हे आपल्या पंचांगाने फार पूर्वी ओळखले होते. २०२४ च्या दिवाळीत अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांनी लागली आणि १ नोव्हेंबरला सायंकाळी ६ वाजून १६ मिनिटांनी संपली. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन १ तारखेला झाले. मुलीने मात्र ३१ तारखेच्याच संध्याकाळी पूजा मांडली, आणि मावशी धास्तावली. तिने मला पंचांग घेऊन बोलावले. आम्ही हिशेब केला. अमावास्या संपण्याचा तो क्षण न्यू जर्सीत १ तारखेच्या सकाळी पावणेनऊचा होता. म्हणजे अमावास्येची संध्याकाळ तिच्या वाट्याला आली ती ३१ तारखेचीच. मुलगी चुकली नव्हती. तिथी साऱ्या जगाची एकच असते, पण तिन्हीसांज ज्याच्या त्याच्या अंगणाची!

तेव्हा १ तारखेच्या पहाटे साडेचारला मावशी उठली आणि मोबाइल समोर ठेवून बसली. तिकडे आदल्या संध्याकाळचे सात वाजले होते. मुलीने निरांजन ओवाळले आणि इथे मावशीने हात जोडले. “माझे लक्ष्मीपूजन अजून व्हायचे आहे, पण तुझे झालेले पाहिले,” ती म्हणाली, आणि चहाचे आधण ठेवायला उठली.